हातभर होडीची चांदी

लिहिणं हे माझं काम नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि आईची तर सहीसुद्धा अंगठ्याची. मी विज्ञान शिकलो, मराठीत मला नेहमी जेमतेम गुण पडले. शिवाय घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नये, एवढं मलाही कळतं. पण ही गोष्ट तोंडाने सांगायला गेलो की माझा आवाज मध्येच बसतो आणि ऐकणारा म्हणतो, "जाऊ दे ना, किती वर्षं झाली." म्हणून कागदावर मांडून बघतो. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव खाडीकाठचं, सारसोळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. माणसं मासेमारी करणारी. आईचं माहेर आणि सासर एकाच गावात, दोन आळ्या सोडून. मी पाचवीत असताना वडील गेले. त्यानंतर आमच्या घरात पुरुषमाणूस म्हणून येऊन बसायचा तो माझा मामा. तो आला की आई चुलीवरचं काम टाकून त्याला पाणी द्यायची. दहावीनंतर मला जाळ्यावर घ्यायचं असं चुलत्यांनी ठरवलं होतं. मामा त्यांच्या ओट्यावर जाऊन भांडला. "पोराचं डोकं जाळ्यात घालू नका," म्हणाला. वाशीला नव्यानेच कॉलेज निघालं होतं. माझा प्रवेशाचा अर्ज द्यायला मामाच माझ्याबरोबर आला, धुतलेला पांढरा शर्ट घालून. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो सांगत होता, "भाचा हाय माझा."

हे आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या देवळात देवीपुढे चांदीची एक छोटी होडी असायची. वीतभर लांब, आतून पोकळ, पुढे वर वळलेली नाळ, मागे इवलंसं सुकाणू. आजोबांच्या पिढीत एका वादळातून सगळ्या होड्या परत आल्या, त्या नवसाची ती होडी. नारळी पुनवेला ती बाहेर काढायची, तिच्यात फुलं भरायची आणि खाडीपर्यंत वाजतगाजत न्यायची. तिला पावशेर चांदी लागली, एवढं गावातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ होतं. खरंखोटं करायची सोय नव्हती, कारण देवीला वाहिलेली वस्तू आमच्याकडे ताजव्यात घालत नाहीत. देवीच्या वस्तूचं वजन करणं म्हणजे देवीवर संशय घेणं. हा नियम आमच्या गावात सगळे पाळतात. पिऊन आलेला माणूसही पाळतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी नव्या शहराचे सर्व्हेवाले आमच्याकडे आले. शेतं आणि मिठागरं आधीच गेली होती. आता गावाच्या मधोमध चुन्याची रेघ पडली आणि रस्ता येणार म्हणून खुंट्या ठोकल्या गेल्या. तेव्हा गावाने देवीपुढे नवस बोलला: रेघ सरकली आणि घरं राहिली तर तुला हातभर होडी वाहू. वीतभरची आहे, हातभरची देऊ. आमच्याकडे दोन विती म्हणजे एक हात.

रेघ सरकली. का सरकली ते त्या सर्व्हेवाल्यांना ठाऊक. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा नकाशा कायम झाला, रस्ता गावाच्या बाहेरून गेला आणि नवस फेडायची वेळ आली.

त्याच सुमारास कॉलेजात आम्हाला सरांनी मापांचा धडा शिकवला होता. कुठलीही वस्तू आकार न बदलता सगळ्या बाजूंनी दुप्पट केली, तर तिचा पृष्ठभाग चौपट होतो आणि घनफळ आठपट. फळ्यावर दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या होत्या. मला ते फार आवडलं. लांबी दोन, आणि आत मावणारं आठ! घरी येताना रस्त्यात दिसेल ती वस्तू मी मनात दुप्पट करत होतो. पाण्याचं पिंप, बोंबलाची पाटी, नेरूळला नव्याने उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्या.

एका दुपारी मामा घरी आला आणि माझ्याजवळ बसला. मी काय शिकतो हे तोपर्यंत घरात कुणी विचारलं नव्हतं. मामाने विचारलं.

"मना एक सांग. वीतभर होडीला पावशेर चांदी. हातभरला किती?"

"दोन शेर," मी लगेच म्हणालो.

"येडा का? दुप्पट होडी, तं दुप्पट चांदी. अर्धा शेर."

मी आईकडून काडेपेट्या मागून घेतल्या. एक पेटी बाजूला ठेवली. मग तिच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच अशी पेटी रचून दाखवली. आठ पेट्या लागल्या. मामाने त्या पाडल्या आणि स्वतः पुन्हा रचल्या. परत पाडल्या, परत रचल्या.

"लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, उंची दुप्पट. सगळंच दुप्पट धरलंस ना?"

"सगळंच."

"नक्की आठ?"

"नक्की, मामा. पुस्तकात हाय."

तो माझ्या पाठीवर थाप मारून हसला. मला इतकं बरं वाटलं की त्या संध्याकाळी मी जेवताना आईलाही काडेपेट्या रचून दाखवल्या. ती म्हणाली, "पुरे आता, भिजतील."

पुढच्या आठवड्यात देवळात बैठक बसली. होडीचं काम मामाकडे आलं होतं, कारण पनवेलच्या सोनाराशी त्याची ओळख होती आणि तो चार वेळा जाऊनही आला होता. चांदी किती गोळा करायची यावर बोलणं सुरू झालं. बहुतेकांचं म्हणणं अर्धा शेर. मामा मागे खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "आपन अडानी मानसं. आपल्यात एकच कालेजात जातो. त्याला इचारा."

मी उभा राहिलो. मी म्हणालो, "आठपट लागेल. दोन शेर."

हशा पिकला. एकजण ओरडला, "अरं, कालेजात भाव वाढवायला शिकवतात का?" दुसरा म्हणाला, "दोन वितीचे आठ कुठून आनलंस रं? वाटेत पोरं झाली का त्यांना?"

मी खिशातून काडेपेट्या काढल्या. देवळाच्या फरशीवर रचल्या. लोक वाकून बघू लागले. तरी काहींना पटेना. मग आमच्या गावचा सगळ्यात म्हातारा तांडेल बोलला. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. त्याचं आयुष्य पाण्यावर गेलेलं.

"हसू नका," तो म्हणाला. "पोर बराबर बोलतंय. माझी पयली होडी आठवा आनि आताची आठवा. लांबी दुप्पटसुदीक नाय. पन आताच्या होडीत पयल्या होडीची मासली किती खेपांची मावते? दोन खेपांची? पाच-सहा खेपांची मावते. मंग?"

तांडेलाच्या बोलण्यावर आमच्याकडे कुणी बोलत नाही. आणि त्याचं खरंही होतं. प्रत्येकाने आपापल्या होडीचं पोट डोळ्यांसमोर आणलं आणि मान हलवली. होडी म्हटलं की आमच्या माणसांना ती किती घेते हेच दिसतं. मलाही तेच दिसलं. मी तर त्याच माणसांतला.

दोन शेर चांदी गोळा झाली. कुणी पैंजण दिले, कुणी कमरेची साखळी, कुणी पोरांचे वाळे. आईने तिचे तोडे दिले. ते तिच्या आईचे होते. देताना ती शेजारणीला म्हणाली, "पोर बोलला ना आठ, मंग आठ." किराणावाल्याच्या ताजव्यात चांदी तोलली. तेव्हा ती अजून देवीची झाली नव्हती, म्हणून चाललं. मामाने ती फडक्यात बांधली आणि पनवेलला नेली.

होडी झाली ती देखणी झाली. हातभर लांब, जुन्या होडीसारखीच हुबेहूब, नाळेचं वळणसुद्धा तेच. वाहिली त्या दिवशी बायका रडल्या. मला त्या दिवसापासून गावात "आठपट" म्हणू लागले. "ए आठपट, इकडं ये. सांग बघू, ह्या पाटीत किती कोलंबी?" कौतुकाने म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्याच दिवाळीत मामाच्या होडीला इंजिन बसलं. मच्छीमारांच्या सोसायटीचं कर्ज मिळालं, असं त्याने सांगितलं. मी इंजिनाला हार घातला.

पुढच्या नारळी पुनवेआधी दोन्ही होड्या धुवायचा मान मला मिळाला. हा मान उपास केलेल्या, लग्न न झालेल्या मुलाला देतात. आधी खाडीचं पाणी, मग नारळाचं पाणी, मग कोरड्या फडक्याने पुसायचं. देवळात मी एकटाच होतो. डाव्या हातात जुनी होडी धरून तिच्या काठावरून फडकं फिरवलं. मग नवी मांडीवर घेतली आणि तिच्या काठावरून फिरवलं. अंगठा आणि बोट काठावर होतं. हाताला काहीतरी खटकलं. मी पुन्हा जुनीचा काठ धरला. पुन्हा नवीचा. दोन्हींचा पत्रा सारखाच होता. तितकाच जाड, तितकाच पातळ.

मी तिथेच बसून राहिलो. सगळं दुप्पट झालं होतं, पत्रा मात्र दुप्पट झाला नव्हता. मग चांदी आठपट कशी लागेल? होडी म्हणजे नुसता वाकवलेला पत्रा. त्याची लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, जाडी तीच. चौपट. शेरभर. सरांच्या फळ्यावरची वरची ओळ. आठपट झालं होतं ते होडीचं पोट, आणि पोटात हवा होती. फुलं होती. आम्ही सगळ्यांनी मिळून पोट मोजलं होतं, आणि पत्र्याचा विचार कुणाच्याच मनात आला नव्हता.

म्हणजे शेरभर चांदी सोनाराने खाल्ली, असं मला वाटलं. देवाशपथ, मला तेवढंच वाटलं. मी फडकं तसंच टाकून धावत गेलो.

मामा किनाऱ्यावर होता. होडी चिखलात ओढून घेतली होती आणि तो तिच्या बुडाला तेल लावत होता.

"मामा, सोनारानं आपल्याला फसवलं."

"हळू बोल. काय जालं?"

"पत्रा जुन्या होडीएवढाच हाय. दुप्पट जाड पायजे होता. चौपटच चांदी लागली. अर्धी त्यानं ठेवली."

मामाने तेलाचा बोळा डब्यात ठेवला. माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. थोडी मजा वाटल्यासारखं दिसत होतं.

"सोनाराला कशाला नाव ठेवतस? गरीब मानूस. तो पयल्याच दिसी बोलला मना, याला चौपट लागल."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "पयल्या दिवशी? म्हंजे कधी? बैठकीच्या आधी?"

"आधी."

"मंग काडेपेट्या... तू मला कशाला इचारलंस?"

"खातरी केली. सोनार बोलतो चार, गाव बोलतं दोन. पुस्तक काय बोलतं ते बघायला नको?" तो परत बोळा घेऊन तेल लावू लागला. "तू आठ बोललास. मी काय तुला शिकवलं होतं आठ बोलायला?"

"पन तुला म्हाईत होतं मी चुकलो."

"आठ कोन बोलला, मी का तू?"

पाणी ओसरत होतं, चिखलातून बुडबुडे येत होते. मग तोच म्हणाला, अगदी मायेने, जसा कॉलेजच्या रांगेत लोकांशी बोलला होता तसा:

"मी आठ बोललो असतो तं लोकांनी माझी चामडी सोलली असती. पन तुझ्या तोंडाकडं बघून अंगावरचं काढून दिलं. तू खोटं बोलत नाय, हे गावाला म्हाईत हाय. तेवढं तुझं पुन्य हाय."

मी त्याच्याकडे बघत असताना त्याच्या मागे ते इंजिन होतं. मी घातलेला हार सुकून अजून तसाच लटकत होता.

त्या माणसाने मला फसवलं, एवढंच असतं तर मी ते गिळलं असतं. पण त्याने मला निवडलं होतं. गावात एवढी माणसं, त्यातून त्याने जो चुकला तरी मनापासून चुकेल असा एकजण हेरला, आणि तो मी होतो. तो माझ्याजवळ बसला होता ती माझ्या आयुष्यातली पहिली दुपार होती, जेव्हा कुणी माझं शिक्षण समजून घेऊ पाहत होतं. ती दुपारसुद्धा माझी राहिली नाही.

मी आईला सांगितलं. ती ओट्यावर सुक्या कोलंबीचे सोडे निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, हात थांबवला नाही.

"त्यानं तुला कालेजात घातलं," ती म्हणाली.

"फी माफ होती, आई. सरकारी सवलत होती. त्यानं एक पैसा दिला नाय. तू मासली इकून मला शिकवतेस."

"पैशाचं नाय बोलत मी. घातलं तं त्यानंच ना?"

"तुझे तोडे गेले."

"देवीला गेले." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "देवीची वस्तू ताजव्यात जात नाय. तूबी घालू नको. माझा एकच भाऊ हाय."

एकदा धीर करून मी तांडेलाकडे गेलो. मामाचं नाव न घेता, नुसता हिशेब समजावायला लागलो की खरं म्हणजे आठपट नाही, चौपट. तो दिलखुलास हसला. "काल आठ, आज चार. उद्या दोनावर येशील, मंग आमच्यासारखाच अडानी होशील!" ओट्यावरचे सगळे हसले. मीही हसलो. काय करणार? चार हे खरं होतं आणि ते सांगायला माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं, कारण तेच तोंड आठ म्हणून गेलं होतं.

पदवी झाल्यावर मी मुद्दाम लांबची नोकरी घेतली, महाडकडच्या एका शाळेत, प्रयोगशाळेत. गावातून पदवी घेणारा मी पहिला. निघताना बायकांनी ओवाळलं. मामाने मिठी मारली. त्याच्या अंगाला तेलाचा वास होता. त्यानंतर मी लग्नही केलं नाही आणि सणालाही गावी जाईनासा झालो. रजा मिळत नाही, असं कळवायचो.

काही वर्षांनी उडत उडत कानावर आलं की देवळाचं नवं बांधकाम निघालं आहे. शहरात राहायला आलेली शिकलीसवरलेली माणसंही वर्गणी देत आहेत आणि ट्रस्ट स्थापन होतो आहे. ट्रस्ट म्हटला की देवीच्या सगळ्या वस्तूंची मोजदाद आली. तिथे आमचा नियम कोण ऐकणार? होडी ताजव्यात जाणार हे मला तेव्हाच कळलं. शेरभर भरणार हेही माहीत होतं. खरं सांगायचं तर मी त्या बातमीची वाट बघत होतो. मी काही न बोलता खरं बाहेर येईल, मामाला कुणीतरी उभं करून विचारेल, आणि त्या काडेपेट्यांचा डाग माझ्या अंगावरून जाईल, असं वाटत होतं. रोज प्रयोगशाळेत मुलांना तराजू पुसून द्यायचो आणि आज गावात काय झालं असेल याचा विचार करायचो.

आणि मग गेल्या शिमग्याच्या आधी आई आली. सुक्या मासळीचं गाठोडं घेऊन, एकटी, दोन गाड्या बदलून. दारातच पायरीवर बसली. पाणी प्यायली. तिचा चेहरा उजळ होता. कित्येक वर्षांत मी तिला इतकी मोकळी पाहिली नव्हती.

"सगलं मिटलं," ती म्हणाली.

होडी तोलली, शेरभर भरली. गाव देवळात गोळा झालं. दोन शेर दिली होती, बाकीची कुठं गेली, असं सगळ्यांनी मामाला विचारलं. मामा उभा राहिला. देवीसमोर हात जोडले. आणि म्हणाला, लपवत नाय आता, पोर हुशार होता, बाप नव्हता, कालेजला पैसा लागतो; भाचाच बोलला, मामा, मी गावाला आठ सांगतो, आनि मना त्याला नाय बोलता आलं नाय. चांदी त्याच्या शिक्षनाला लागली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? बायका रडल्या. तांडेल उठला, आता चालवत नाय त्याला, दोघांनी धरलं होतं. तो बोलला, देवीची चांदी देवीच्या लेकराला लागली, गावचं पयलं पोर शिकलं, याच्यावर कोनी बोलायचं नाय. सगल्यांनी हात वर केले." तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "कोनाचा राग नाय रं तुझ्यावर. गावानं तुला माफ केलं. येत्या नारळी पुनवेला ये. होड्या धुवायचा मान परत तुलाच ठेवलाय."